सुई माझी, खांदा तिचा

दौलताबादचा किल्ला मागं टाकून वेरूळच्या रस्त्याला लागलं की घाटाच्या अलीकडं आत चार-पाच गावं आहेत. तिथल्या पंचविशीच्या आतल्या कुणाचाही डावा दंड बघा. खांद्याच्या जरा खाली मसुराच्या डाळीएवढा वण दिसेल. ती माझी सही आहे. बाळ जन्मलं की क्षयरोगाची पहिली सुई टोचतात, तिचा तो वण. मी त्या गावांच्या उपकेंद्रातली नर्स होते. सगळे मला 'सिस्टर' म्हणायचे. गेल्या वर्षी निवृत्त झाले.

इतक्या दंडांवर सही करूनसुद्धा त्या गावांत जाऊन विचारा, तुमची लेकरं कुणी जपली? सगळ्या बाया एकच नाव सांगतील, शबाना. शबाना म्हणजे आमची आशाताई. गावातलीच बाई, घरोघर फिरून गरोदर बायका आणि तान्ही बाळं यांच्यावर लक्ष ठेवणारी आणि सुईच्या दिवशी त्यांना माझ्यासमोर आणून बसवणारी. मी सरकारी नोकर, ती गावची. माझ्या हाताखाली तिनं सोळा वर्षं काम केलं आणि त्यातला एक दिवसही असा गेला नाही की मी तिच्यावर जळले नाही.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला 'सेवेतले हृद्य अनुभव' लिहायला सांगितले आहेत. हृद्य अनुभव शबानाकडं आहेत. माझ्याकडं जे आहे ते मी लिहिते.

आधी आमचं काम सांगते, कारण लोकांना वाटतं सुई टोचली की संपलं. महिन्यातून एकदा प्रत्येक गावात, बहुतेक अंगणवाडीत, आमचं लसीकरण असतं. सकाळी बर्फाच्या लाद्या घातलेला निळा डबा मोटरसायकलवरून येतो आणि संध्याकाळी तसाच परत जातो. प्रत्येक बाटलीवर एक गोल असतो आणि त्यात एक फिका चौकोन. लस उन्हात तापली की चौकोन गडद होत जातो, तो गोलाइतका गडद झाला की बाटली फेकायची. गोवराच्या लसीचे नखरे सगळ्यांत जास्त. ती भुकटी असते, पाण्यात कालवावी लागते, आणि कालवल्यावर चार तासांत संपवायची, नाहीतर टाकून द्यायची. एका बाटलीत पाच बाळांची लस. सुई झाली की आईला चार गोष्टी सांगायच्या: काय टोचलं, आता काय होईल, पुढं कधी यायचं, आणि कार्ड जपून ठेव. मग अर्धा तास बसवून ठेवायचं. या अर्ध्या तासात सगळी अंगणवाडी रडत असते.

आणि रडं सुरू झालं की बाळं शबानाकडं जायची. ती खांद्यावर टाकायची, पाठ थोपटत "अल्ला रे, कोन मारा मेरे राजा कू?" म्हणत माझ्याकडं बोट दाखवायची. बाळ हुंदके देत माझ्याकडं बघायचं. सोळा वर्षं ते बोट माझ्यावर रोखलेलं होतं. गावातल्या आया पोरांना सांगायच्या, "गप जेव, नायतर सिस्टरला बोलावते." म्हणजे बागुलबुवा मी, आणि खांदा तिचा.

गिऱ्हाइकं एकेक भारी होती. एक ट्रक ड्रायव्हर बाप मोठ्या ऐटीत म्हणाला, "बाईमाणसाचं काळीज कच्चं, मी धरतो पोराला." सुई पोराला लागली आणि धाडकन आडवा झाला तो. पोरगं रडायचं सोडून बापाकडं बघत बसलं. एक म्हातारी दर महिन्याला नातवंडाच्या मागं उभी राहून दंड पुढं करायची, "मला बी एक टोच गं, गुडघं लई दुखतेत." आणि एक सरूआजी होती. तिच्या दारात गेलं की ती म्हणायची, "बाळ मामाच्या गावाला गेलंय," आणि तिच्या पाठीमागं पाळणा हलत असायचा. मी नियम सांगायला तोंड उघडलं की शबाना मला चिमटा काढायची आणि आजीला म्हणायची, "आजी, बाळाचं राहू दे, सिस्टर तुमचा बीपी बघायला आल्यात." मी आजीच्या दंडाला पट्टा बांधून फुगवत बसायची, तोवर शबाना बाळ उचलून अंगणवाडीत. आजी दर वेळी फसायची आणि दर वेळी शबानाला शिव्या द्यायची.

त्या शिव्यांचाच मला सगळ्यात जास्त हेवा वाटायचा. खरं वाटणार नाही, पण तसंच होतं. सुईनं बाळाला ताप आला की बायका रस्त्यात शबानाला अडवायच्या. "शबाने, तुझ्या त्या सुईनं रातभर डोळ्याला डोळा नाय लागला!" ताप माझ्या सुईचा, भांडण तिच्याशी. मग ती कंबरेवर हात ठेवून उलट भांडायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याच बाईच्या घरून तिला थालीपीठ यायचं. मी दारात गेले की, "या सिस्टर, बसा सिस्टर." खुर्ची पुसायची, कान न फुटलेला कप काढायचा, त्याखाली बशी. बशी परक्यालाच मिळते. शबाना चुलीपाशी बसून पातेल्यातला उरलेला चहा वाटीत ओतून प्यायची.

तिच्यावर मात करायला माझ्याकडं एकच गोष्ट होती, माझी पिशवी. आमच्या कामात एक कापडी पिशवी भिंतीवर टांगलेली असते. बारा महिन्यांचे बारा कप्पे, एक गाव सोडून गेलेल्यांचा, आणि एक ज्यांच्या सगळ्या सुया झाल्या त्यांचा. आईच्या कार्डाचा अर्धा भाग फाडून आपल्याकडं ठेवायचा आणि बाळाची पुढची सुई ज्या महिन्यात असेल त्या कप्प्यात घालायचा. महिना उजाडला की कप्पा उघडायचा, आत ज्यांची कार्डं ती बाळं बोलवायची. सरकारी पिशवी वर्षात फाटली, तेव्हा मी माझ्या इरकली साडीची शिवून घेतली, कप्प्यांवर महिन्यांची नावं रेशमानं भरली. आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडम इतर नर्सना ती दाखवायला आणायच्या. माझा ऊर भरून यायचा. आणि शबाना? पिशवीकडं न बघता म्हणायची, "या महिन्यात मंगलची, फरजानाची, आणि त्या पवाराच्या धाकल्या सुनेची." मी कप्पा उघडायची. तीच तीन कार्डं. एकदाही चुकली नाही. मनातून वाटायचं, एकदा चुक गं बाई.

आता त्या दहा मिनिटांकडं येते. इतकी वर्षं त्यांच्या आजूबाजूनंच लिहिलं-बोललं.

वर जिचं नाव आलं ती मंगल रस्त्यावर सीताफळं विकणारी. हंगामात किल्ल्यासमोर टोपली घेऊन बसायची. लग्नानंतर सात वर्षांनी तिला मुलगी झाली, आरोही. मंगलच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी म्हणून मी नऊ महिने तिच्या मागं लागले होते. गोळ्या माझ्यासमोर गिळायला लावल्या, कळा लागल्या तेव्हा गाडी मी बोलावली. मला वाटलं, हे एक बाळ तरी माझं.

आरोहीला नऊ महिने पुरे झाले होते. गोवराची सुई बाकी होती. त्या दिवशी अंगणवाडीत फार गर्दी नव्हती. बाळांना अर्धा तास बसवलं होतं तेव्हा मंगलच्या शेजारणीनं मोबाईल काढला आणि शबानाला फोटो दाखवायला लागली. मी मान वाकडी करून बघितलं. आरोहीच्या बारशाचे, आठ-नऊ महिन्यांपूर्वीचे फोटो होते. पाळण्याच्या एका बाजूला मंगलची आई, दुसऱ्या बाजूला शबाना, नवी साडी नेसलेली, 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत बाळ पाळण्याखालून देताना. पुढच्या फोटोत शबाना बाळाच्या डाव्या कानाला तोंड लावून होती.

"आत्या आलीच नाय ना," शेजारीण मला समजावून सांगायला लागली. "म्हनून मंगल म्हनली, नाव शबानाच सांगंल कानात. आत्याचा मान तिला."

"मला नाही सांगितलं बारशाचं," मी म्हणाले. मला हसत म्हणायचं होतं, तसं जमलं नाही.

"तुमी कामात असता ना सिस्टर. तुमाला कशाला तरास."

मी बाटल्या आवरायला लागले. गोवराची उघडलेली बाटली चार तास पुरे होऊन बाद झाली होती. डबा न्यायला आलेला माणूस बाहेर मोटरसायकल चालू करून उभा. तेवढ्यात शबाना म्हणाली, "सिस्टर, दहा मिनिटं थांबा. मंगल पोरीला घेऊन निघालीय. टोपली घरी टाकायला गेलीय फक्त."

"बाटली संपली."

"नवी आहे ना डब्यात."

डब्यात नवी होती. एका बाळासाठीसुद्धा नवी बाटली उघडायची, असा नियमच आहे. तो मी सगळ्या आशाताईंना स्वतः शिकवला होता. उरलेली चार बाळांची लस वाया गेली तरी चालेल, बाळ वाया जायला नको, हे माझंच वाक्य.

"वेळ म्हणजे वेळ," मी म्हणाले. "तुझ्या भाचीसाठी सरकार थांबत नसतं. पुढच्या महिन्यात आण."

शबानानं एकदा शेजारणीच्या मोबाईलकडं आणि एकदा माझ्याकडं बघितलं. तिला कळलं असावं. मी डबा बंद केला, तो माणूस गेला, आणि मी रजिस्टरमध्ये आरोहीच्या नावापुढं लिहिलं: बाळ सत्रास आले नाही. मग तिचं कार्ड पुढच्या महिन्याच्या कप्प्यात घातलं. इरकलीचा कप्पा, रेशमी अक्षरं. सगळं कसं नीटनेटकं.

पाच मिनिटांनी मी रिक्षात बसत होते तेव्हा मंगल धावत येताना लांबून दिसली. कडेवर लेक, पदर सुटलेला. मी रिक्षावाल्याला म्हणाले, चल.

पुढचा महिना यायच्या आधी वस्तीत गोवर आला. आरोही पहिल्या तिघांत होती. मंगलच्या सासूनं दारात कडुलिंबाचा डहाळा लावला आणि तीन दिवस पोरीला घराबाहेर काढू दिलं नाही, देवीचा कोप होईल म्हणून. चौथ्या दिवशी शबानानं सासूच्या हातातून बाळ ओढून घेतलं आणि थेट शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तोवर छाती भरली होती. कान वाहत होता. बारा दिवस पोरगी तिथं होती. मी रोज उपकेंद्रातून शबानाला फोन करायची आणि रोज एकच विचारायची, "श्वास कसा आहे?" ती सांगायची. तिनं मला एकदाही विचारलं नाही, का थांबला नाहीत.

पोरगी वाचली. डाव्या कानानं ऐकू येणं मात्र जवळजवळ गेलं.

गोवराचा प्रत्येक रुग्ण निघाला की चौकशी होते. सुई झाली होती का, नसेल तर का नाही. डॉक्टर मॅडम अंगणवाडीत बसल्या, रजिस्टर समोर. 'बाळ सत्रास आले नाही' या ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "आशाताई, बाळ आणायचं काम कुणाचं?"

मी शबानाकडं बघितलं. माझ्या हातात पेन होतं, त्याचं टोपण मी लावत-काढत होते. शबाना एक वाक्य बोलली असती तर माझी इतक्या वर्षांची स्वच्छ फाईल काळी झाली असती. आणि मी बोलायला पाहिजे होतं, तिनं नव्हे. मी टोपण लावलं.

"माझं काम, मॅडम," शबाना म्हणाली. "मी निरोप द्यायला उशीर केला. गलती माझी."

मॅडमनी तिला सगळ्यांसमोर झापलं. दारात उभ्या असलेल्या मंगलनं ते ऐकलं आणि मॅडम गेल्यावर ती शबानावर तुटून पडली. "तुझ्या भरवशावर होते गं मी शबाने! कानात नाव घेतलंस तिच्या, आन् त्योच कान घालवलास!" शबाना ओढणीनं तोंड पुसत ऐकून घेत राहिली. मंगल माझ्याकडं वळली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तुमी बसा सिस्टर. तुमचं काय चुकलं त्यात."

परतताना मी शबानाला विचारलं, "का केलंस असं?"

"सिस्टर, मला शिव्या देऊन बी त्या उद्या माझ्याच दारात येतीन," ती म्हणाली. "तुमच्यावरून त्यांचं मन उठलं ना, तर सुईवरूनच उठंल. मग सगळी लेकरं घरात ठिवतीन. उसका क्या करना?"

खरं तर तिथंच रस्त्यात मी तिचे पाय धरायला हवे होते. मनात आलं ते वेगळंच. मनात आलं, मोठेपणासुद्धा हिनंच घ्यायचा का? माझ्या वाट्याला माझी चूकसुद्धा येऊ दिली नाही हिनं. मी इतकी जळत होते की त्या रात्री तापासारखं अंग गरम झालं. त्यानंतर मी कधीही कुणासाठी बाटली उघडायला मागंपुढं पाहिलं नाही, हे खरं आहे. पण ते काही कुणाला सांगून मिरवण्यासारखं नाही.

आठवड्याभरात मंगलकडून शबानाला ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा आला. भांडण मिटलं. मला पुढंही बशीतलाच चहा.

वर्षं गेली. आरोही शाळेत जायला लागली. रस्त्यात भेटली की शबाना आपोआप तिच्या उजव्या बाजूला जाऊन बोलायची. मी एकदा मागून हाक मारली, पोरगी वळली नाही. मी ते विसरलेच होते. शबाना कधी विसरली नाही.

माझ्या निरोपाला शाल-नारळ मिळाला, भाषणं झाली, 'कर्तव्यदक्ष' हा शब्द चार वेळा आला. बायका आल्या होत्या आणि रडतही होत्या, शबानाच्या खांद्यावर. "आता नवी सिस्टर कशी असंल कोन जाने!" नवी सिस्टर चांगली आहे. चुणचुणीत आहे, सगळं मोबाईलवर करते. माझी पिशवी भिंतीवरून काढून तिनं आदबीनं माझ्या हातात दिली. "मॅम, ही तुमची आठवण. आता लागत नाही."

घरी आणून ती धुवायला काढली तेव्हा कप्पे उलटे केले. शेवटच्या कप्प्याच्या तळाशी, शिवणीत अडकलेलं, एक कार्ड निघालं. आरोहीचं. बरी झाल्यावर गोवराची सुई दिली त्याची तारीख त्यावर होती, माझ्याच अक्षरात, आणि तिच्या आधी नऊ महिन्यांच्या रकान्यात एक छोटी रेघ. त्या रेघेचा अर्थ फक्त मला आणि शबानाला माहीत होता.

दुसऱ्या दिवशी मी वेरूळची बस धरली.

मंगल अंगणात सीताफळं निवडत होती. शबाना तिथंच ओट्यावर बसलेली, अर्थातच. मंगल लगबगीनं उठली, "या सिस्टर, बसा सिस्टर," आणि खुर्ची पुसायला फडकं शोधायला लागली. मी म्हणाले, राहू दे. उभ्या-उभ्याच सांगितलं. फोटो, बाटली, दहा मिनिटं, रजिस्टरातली ओळ, रिक्षातून दिसलेली ती. शबाना मधेच म्हणाली, "जाने दो ना सिस्टर." मी थांबले नाही.

मंगलच्या हातातलं सीताफळ फुटलं, तरी तिनं मूठ उघडली नाही.

"मी पळत आले होते," ती म्हणाली. "तू बघितलंस मला?"

"हो."

"बघून गेलीस?"

"हो."

मग तिनं तोंड सोडलं. तिनं माझी आई काढली, नोकरी काढली, पगार काढला, कपाखालची बशी काढली. मला कुणी 'तू' म्हणावं म्हणून मी सोळा वर्षं जळले होते. त्या दिवशी मिळालं. ते थालीपिठासारखं लागेल असं मला वाटत आलं होतं. तसं काही लागलं नाही. प्रत्येक शब्द खरा होता, आणि खऱ्या शब्दांना दुसऱ्या दिवशी कुणी भाकरी पाठवत नाही.

दमल्यावर ती शबानाकडं वळली. "आन् तू! येवढी वर्सं माझ्या शिव्या खाल्ल्यास, बोलायचं नाय व्हय गं?" असं म्हणून तिच्याच खांद्यावर डोकं टाकून रडायला लागली. शबाना तिची पाठ थोपटत होती, बाळांची थोपटायची तशीच. मी पिशवी हातात धरून उभी. कबुली द्यायला आले होते मी, आणि तिथंसुद्धा खांदा तिचाच. खोटं कशाला लिहू, तेव्हाही मी जळलेच.

तेवढ्यात आरोही शाळेतून आली. दप्तर पाठीवर, बिनबाह्यांच्या फ्रॉकमधून डाव्या दंडावर माझी सही दिसत होती. आई रडताना बघून ती दारातच थबकली. मी हाक मारली. तिनं वळून बघितलं नाही. मी तिच्या डाव्या बाजूला उभी होते.

मी फिरून उजव्या बाजूला गेले आणि पुन्हा हाक मारली.

"आत्या, सिस्टर का आल्यात गं?" तिनं शबानाला विचारलं. "आई का रडती?"

शबानानं मंगलला बाजूला केलं आणि माझ्याकडं बघितलं. काहीतरी गोड, सगळं झाकून टाकणारं वाक्य तिच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं.

"थांब शबाना," मी म्हणाले. "हे तरी मला सांगू दे."